वर्तुळ लांबट दिसतं म्हणून संगणक भंगारात?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या वाचकपत्रांत एका शिक्षणसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं पत्र होतं. शाळेतले चौदा संगणक किलोच्या भावाने विकायला काढले त्यावरून गावात बोलाचाली झाली, म्हणून त्यांनी खुलासा केला होता. कारणं तीन दिली होती. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, यंत्रं हळू चालतात, आणि देणगीत मिळालेल्या नव्या पडद्यांवर चित्र ताणलेलं नि पुसट दिसतं, मुलांच्या डोळ्यांना त्रास होतो. पहिल्या दोन कारणांवर मी वाद घालणार नाही. तिसरं वाचताना मात्र हातातला चहा निवला. चौदाच्या चौदा यंत्रांना एकच दुखणं, तेही नवे पडदे जोडले त्याच दिवशी, कसं जडलं, एवढं तरी त्यांच्या बैठकीत कोणी विचारायला हवं होतं.

मी काही इंजिनीअर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात १९९१ पासून २०२२ पर्यंत प्रयोगशाळा परिचर होते. ब्युरेट धुणं, लिटमस मोजून देणं, बरणीतल्या बेडकाचं फॉर्मलिन बदलणं हे माझं काम. मुलं मावशी म्हणायची. २००८ साली शाळेत संगणक आले तेव्हा त्या खोलीची किल्ली कोणाकडे ठेवायची यावर बराच खल झाला. शेवटी, जी बाई सल्फ्युरिक ॲसिड सांभाळते ती हेही सांभाळेल, अशा हिशोबाने ती माझ्या जुडग्यात येऊन पडली. किल्लीबरोबर तक्रारीही आल्या, आणि तक्रारींपायी थोडी विद्या आली. तेवढ्याच भांडवलावर हे पत्र लिहिते आहे.

खोलीत अकरा यंत्रं. सहा मुंबईच्या एका कचेरीत वापरून झालेली, पेंटियम ४ ची, बोर्डावर इंटेलची ८६५जी चिप. ही चिप २००३ सालची. चार आम्ही नंतर नवी घेतली, ती जी३१ चिपची. अकरावं कोणाच्या तरी देणगीतलं, त्याची हकिगत पुढे येईल. चित्रासाठी वेगळं कार्ड एकातही नव्हतं. बोर्डावरचीच चिप चित्र काढते, आणि तिला स्वतःची मेमरीही नसते. मुख्य मेमरीतून पसाभर उसनी घेऊन ती भागवते. समोर १५ इंची काचेचे डबे, म्हणजे जुने सीआरटी मॉनिटर. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा पाठिंबा संपला तेव्हा माझा भाचा पुण्याहून सुट्टीला आला होता. त्याने तीन दिवस बसून दहा यंत्रांवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स चढवलं. सगळं छान चाललं होतं.

२०१६ मध्ये शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने अकरा नवे एलईडी मॉनिटर दिले. साडेअठरा इंची, रुंद, पातळ. हार-नारळ झाला, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला गणिताच्या सरांनी जिओजेब्रा या भूमितीच्या प्रोग्रामात वर्तुळ काढलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, अंडं आलं!" खरंच अंडं होतं. सरांनी त्रिज्या बदलली, मोठं अंडं आलं.

मी कपाटातून लाकडी पट्टी आणली. पडद्याला लावून मोजलं तर वर्तुळ उभं ९ सेंटिमीटर आणि आडवं १२. सरांनी फळ्यावर १२ भागिले ९ लिहिलं, म्हणजे चार-तृतीयांश. मग मला मॉनिटरच्या खालच्या कडेचं बटण सापडलं. ते दाबलं की एक चौकट येते, आत काय चित्र येतंय ते मॉनिटर स्वतः सांगतो. चौकटीत होतं १०२४ × ७६८, म्हणजे चित्रात आडवी १०२४ आणि उभी ७६८ टिंबं. मॉनिटरच्या खोक्यावर होतं १३६६ × ७६८. सरांनी १३६६ ला १०२४ ने भागलं: १.३३. अंड्याचं माप आणि या भागाकाराचं उत्तर एकच. रोगाचं निदान खडूने झालं, संगणकाला हातही लावावा लागला नाही.

म्हणजे काय होत होतं, तर चिप अजून जुन्या डब्याच्या मापाचंच चित्र पाठवत होती आणि मॉनिटर ते आपल्या रुंदीवर ओढून ताणून बसवत होता. तिघांपुरती आमटी पाणी घालून चौघांना वाढावी तसं. चित्रात तीन उभ्या ओळी, पडद्यावर त्यांच्या जागी चार, मग मधल्या ओळी शेजारच्यांचा रंग थोडा थोडा घेऊन फिक्या होणार. पुसटपणा येतो तो इथून. इंग्रजी अक्षरांचं एक वेळ निभावतं, देवनागरीचे मात्र हाल होतात, कारण आपला अनुस्वार म्हणजे एक-दोन टिंबांचा जीव. मराठी टंकलेखनाच्या तासाला पडद्यावरचा उतारा बघून आठवीतल्या एका मुलाने टाइप केलं, "आमच्या परसात पाच आबा आहेत." वर्ग हसला. पोराची चूक नव्हती. मी जवळ जाऊन पाहिलं तर 'आंबा'वरचा अनुस्वार शिरोरेषेवरच्या धुरकट डागासारखा दिसत होता.

तालुक्याच्या गावाहून एक दुरुस्तीवाले आले. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि चिप जुनी आहे, रुंद पडदा तिला पेलत नाही, यंत्रं बदला, असं सांगून येण्याजाण्याचे पैसे घेऊन गेले. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, नवं यंत्र विकलं तर चार पैसे सुटतात, ड्रायव्हर, म्हणजे चिपकडून काम करून घेणारा प्रोग्राम, नीट बसवल्याचे कोण देतो? पण ८६५जी ला १३६६ ची रुंदी पेलत नाही हे काही पटेना. सरांनी हिशोब केला. १३६६ गुणिले ७६८, प्रत्येक टिंबाला ४ बाइट, म्हणजे ४१,९६,३५२ बाइट. ४ एमबीपेक्षा बरोब्बर २०४८ बाइट जास्त. आमच्या यंत्रांत चिपसाठी ३२ एमबी राखून ठेवलेली. आठ पट जागा असताना न पेलायला काय झालं?

रात्री भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, काळी खिडकी उघड आणि एलएसपीसीआय टाइप कर." बोर्डावर काय काय बसलंय त्याची यादी या आज्ञेने मिळते. प्रत्येक चिपला दोन आकडे असतात, पहिला कंपनीचा, दुसरा त्या मालाचा. इंटेलचा कंपनी-आकडा ८०८६. १९७८ साली त्यांनी जो प्रोसेसर काढला त्याचंच हे नाव, तेच त्यांनी कुळनाव म्हणून लावलं. आमच्या ८६५जी ची ओळख ८०८६-२५७२, जी३१ ची ८०८६-२९सी२. हे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत, शेजारणीचा मोबाइल नंबर नाही. त्याच आज्ञेला शेपूट जोडलं की प्रत्येक चिपपुढे कोणता ड्रायव्हर कामावर आहे तेही कळतं. तिथे 'आय९१५' दिसायला हवं होतं. (नावात ९१५ असलं तरी ८६५ लाही तोच ड्रायव्हर आणि जी३१ लाही तोच. मी आधी दोन दिवस 'आय८६५' शोधण्यात घालवले होते. असा काही प्रकारच नाही.) आमच्याकडे चिपपुढची जागा कोरी होती.

भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आत्या, हे मीच केलंय बहुतेक."

झालं होतं असं. २०१४ मध्ये पहिल्या यंत्रावर लिनक्स चढवताना पडदा काळा पडला. त्यावरचा रामबाण उपाय म्हणून इंटरनेटवर जो तो सांगतो, की सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द घाला. त्याने घातला, पडदा उजळला, काम पुढे गेलं. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि या शब्दाचा अर्थ, 'कर्नेलबाबा, पडद्याचं माप तू ठरवू नकोस.' पण हे माप ठरवण्याचं काम २००९ च्या सुमारास कर्नेलने आपल्याकडे घेतलं, आणि २०१० पासून इंटेल चिपचा चित्राचा ड्रायव्हर सर्वस्वी त्याच्यावर विसंबून आहे. कर्नेलला गप्प बसवलं की तो ड्रायव्हर उठतच नाही. त्याच्या जागी 'व्हेसा' नावाचा बदली कामगार निमूट येऊन बसतो. कुठल्याही चिपवर तो कसंबसं चित्र काढून देतो, पण चिपच्या बायोसमध्ये, म्हणजे तिच्या मूळच्या प्रोग्रामात, जी मापं लिहिलेली असतील तेवढीच त्याला येतात, आणि आमच्या चिपच्या यादीत सगळी जुन्या डब्याच्या घडणीची: ६४०, ८००, १०२४. शिवाय रेघ न् रेघ प्रोसेसरकडून काढून घेतो, म्हणून खिडकी सरकवली की ती ओल्या कापडासारखी फरफटत येते. 'यंत्रं हळू चालतात' या दुसऱ्या कारणाचाही थोडा हिस्सा इथे असू शकतो, हे त्या पदाधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

पहिल्या यंत्राची डिस्क त्याने जशीच्या तशी बाकी नऊ यंत्रांवर उतरवली होती. म्हणजे ताप एकाला आला, गोळी दहा जणांना सुरू झाली आणि दोन वर्षं कोणी बंद केली नाही. कोणाला कळणार तरी कसं? समोर काचेचे डबे होते, त्यांना १०२४ × ७६८ अगदी बेतून शिवल्यासारखं बसत होतं. रुंद पडदे आले तेव्हा उसवलं.

दुसऱ्या दिवशी फोन कानाला लावून एकेका यंत्रावर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीतला तो एक शब्द खोडला, ग्रब ताजा केला, यंत्र बंद करून चालू केलं. पहिला पडदा क्षणभर काळा झाला तेव्हा पोटात गोळा आला. मग वर्तुळ काढून पट्टी लावली: ९ उभं, ९ आडवं. सरांनी हातातला खडू ठेवला आणि चक्क माझ्याशी हस्तांदोलन केलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

दहापैकी सात अशी सुटली. तीन हटून बसली. त्यांच्यात ड्रायव्हर बरोबर होता, आय९१५ हजर होता, तरी १०२४ च्या पुढे जाईनात. हा भाग जरा सावकाश सांगते, कारण यात ना चिपचा दोष होता ना ड्रायव्हरचा, आणि खर्च आला फक्त केबलींचा.

मॉनिटरच्या पोटात एक बारीकशी चिप असते. तिच्यात १२८ बाइटांची एक चिठ्ठी असते: मी अमुक कंपनीचा, माझं माप इतकं, मला अमुक वेगाचं चित्र चालतं. यंत्र चालू होताना ड्रायव्हर ही चिठ्ठी मागतो, तीवरून माप ठरवतो. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलीत ही चिठ्ठी दोन पिनांवरून येते, बारावी आणि पंधरावी. चिठ्ठी आली नाही तर ड्रायव्हर धोका पत्करत नाही, १०२४ × ७६८ धरून बसतो. चुकीच्या वेगाचं चित्र सोडून एखाद्याचा जुना मॉनिटर जाळण्यापेक्षा बरं, असा त्याचा सावध स्वभाव.

आमच्या त्या तीन टेबलांना भिंतीपासून अंतर जास्त, म्हणून मॉनिटरबरोबर आलेल्या केबली न वापरता बाजारातून लांब, स्वस्तातल्या आणल्या होत्या. मी जीवशास्त्राच्या कपाटातलं भिंग घेतलं, ज्यातून मुलांना जास्वंदीचे परागकण दाखवायचे तेच, आणि केबलीचं तोंड उजेडात धरलं. तीन ओळी, प्रत्येकीत पाच जागा. मधल्या ओळीत नववी पिन नव्हती; ती बऱ्याच केबलींत नसते, त्याने बिघडत नाही. खालच्या ओळीत मात्र दुसरी जागा आणि शेवटची जागा, म्हणजे बारा आणि पंधरा, रिकाम्या. पिना मोडल्या नव्हत्या, मुळात बसवल्याच नव्हत्या. लाल, हिरवा, निळा रंग नेणाऱ्या तारा होत्या, म्हणून चित्र दिसत होतं; चिठ्ठी नेणाऱ्या तारांचं तांबं कोणीतरी वाचवलं होतं. तिन्ही केबली तशाच.

गावात पुऱ्या पिनांच्या लांब केबली दोनच मिळाल्या. लावताक्षणी ती दोन यंत्रं सुधारली. तिसऱ्याला माप हाताने शिकवलं. 'सीव्हीटी' नावाची आज्ञा आहे, तिला रुंदी-उंची सांगितली की ती आकड्यांची एक ओळ काढून देते. माझ्या वहीत ती अजून आहे: ८५.२५, मग १३६८, १४४०, १५७६, १७८४, मग ७६८, ७७१, ७८१, ७९८. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मंत्रासारखी वाटली. भाच्याने समजावली ती अशी. शेतात जोत धरलं की कडेला बैल वळवायला जागा सोडतात, तिथे पेरत नाहीत. तसं चित्राच्या प्रत्येक आडव्या ओळीला १७८४ पावलं, त्यात पेरणी फक्त १३६८ ची, बाकीची चारशेसोळा पावलं वळणासाठी. काचेच्या डब्यात विजेचा झोत खरोखरच परत डावीकडे जायचा, त्याला ती सवड लागायची. पातळ पडद्यात झोत नाही, पण व्हीजीए केबलीतून येणाऱ्या चित्राची चाल तीच राहिली. खाली ७९८ ओळींपैकी ७६८ पेरायच्या. आणि ८५.२५ हा पावलांचा वेग, सेकंदाला सव्वापंच्याऐंशी दशलक्ष.

तुम्ही म्हणाल, १३६६ चे १३६८ कसे झाले? हे सूत्र रुंदी आठाच्या पटीतच मोजतं आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. म्हणून कुठे १३६८ दिसतं, कुठे १३६०. या सहा-आठ टिंबांच्या फरकाला बिघाड समजून हैराण होणारी माणसं मी पाहिली आहेत. ती ओळ 'एक्सरँडर' या आज्ञेने यंत्राला शिकवली, लॉगिन झाल्याबरोबर आपोआप चालेल अशी ठेवली, मॉनिटरचं 'ऑटो' बटण एकदा दाबलं. कडेची एखादी ओळ कापली गेली असेल. मुलांना नाही दिसली, मलाही नाही.

अकराव्या यंत्राशी आम्ही हरलो. त्याची चिप एका तैवानी कंपनीची. नाव लिहीत नाही. तिला लिनक्समध्ये धड ड्रायव्हर नव्हता, व्हेसावरच भागवायचं आणि व्हेसा १०२४ च्या वर जायचा नाही. भाच्याने कुठूनकुठून कोणी कोणी जोडतोड केलेले ड्रायव्हर आणून पाहिले, दोनदा यंत्र पार बसलं. शेवटी मी त्याला म्हटलं, "अरे, पडदा बदलला म्हणून दुखणं आलं ना, मग पडदाच परत दे." अडगळीतून १७ इंची काचेचा डबा काढला, पुसला, जोडला. १०२४ × ७६८, वर्तुळ गोल, अनुस्वार टपोरा. नवा पातळ मॉनिटर ऑफिसात दिला. त्या डब्यावर पुढे चार वर्षं मुलांनी मराठी टंकलेखन केलं. भाचा याला उपाय मानत नाही. मी मानते.

आता ड्रायव्हरच्या सीडीची गोष्ट. ऑफिसातलं यंत्रही ८६५जी चंच होतं आणि २०११ साली ते एक्सपीवर चालायचं. ते एकदा फॉरमॅट करावं लागलं. एक्सपी २००१ ची आणि चिप २००३ ची, तेव्हा एक्सपीला ती ओळखू येत नाही; डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हिडिओ कंट्रोलर' एवढंच. मोजके रंग, ढोबळ अक्षरं. बोर्डाबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी हवी होती. कपाटात पाकीट होतं, सीडी नव्हती. चार दिवस शोधली. पाचव्या दिवशी शिपाईमामांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, तर परसात वांग्याच्या वाफ्यावर दोरीला पाच-सहा चकत्या चमकत होत्या, पाखरं हाकायला. तिसरी आमची.

दोन महिने उन्हात टांगलेली. पण ती कारखान्यात छापलेली सीडी होती, घरी लिहिलेली नव्हे, आणि मामांनी भोक पाडलं नव्हतं, मधल्याच छिद्रातून सुतळी ओवली होती. लोक चकचकीत बाजू जपतात. खरं तर माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, लेबल खरवडलं की खेळ आटोपला. चकचकीत बाजूच्या ओरखड्यांचं बऱ्याचदा निभावतं. साबणाच्या पाण्याने धुतली, मधून कडेकडे पुसली, दुसऱ्या यंत्रात घातली तर चालली. आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग चित्राचा, मग आवाजाचा, याच क्रमाने बसवले. पडदा भरला. मामांना वाफ्यासाठी कुठल्याशा जाहिरातीची चकती दिली.

आज ती सीडी हरवली असती तर? बड्या कंपन्यांनी जुन्या बोर्डांची पानंच्या पानं आपल्या संकेतस्थळांवरून उतरवली आहेत. नाव टाकून शोधलं की 'मोफत ड्रायव्हर' म्हणून मोठं हिरवं बटण येतं, ते दाबलं की ड्रायव्हर सोडून सगळं यंत्रात शिरतं. लिनक्सवाले बरे, तिथे ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतो, सीडी जपायला नको. पण तिथेही झाडलोट चालते. एप्रिल २०२३ च्या ६.३ या कर्नेलमधून इंटेल ८१०, मॅट्रॉक्स, थ्रीडीएफएक्स यांच्या जमान्यातले जुने थ्रीडी ड्रायव्हर काढले. वापरणारे उरले नव्हते, त्यांची बाजू समजते. आमची ८६५ मात्र त्यातून सुटली, आय९१५ तिला अजून ओळखतो. तिच्यावर वेळ आली ती दुसऱ्या बाजूने: आमचे पेंटियम ४ जुन्या, ३२ बिटी घडणीचे, आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटी यंत्रावर नव्याने डेबियन बसवण्याची सोय राहिली नाही. १२ अजून चालते. म्हणजे त्यांचे दिवस भरत आले हे मलाही दिसतं.

जुनं ते सोनं असं माझं म्हणणं नाही. पेंटियम ४ वीज खातो, उन्हाळ्यात खोलीची भट्टी करतो. आमच्या सहापैकी तीन बोर्डांचे कपॅसिटर फुगले, टोप्या वर आल्या, तेव्हा मीच निर्लेखनाच्या यादीत त्यांची नावं घातली. ई-कचऱ्यासाठी २०२२ चे नियम आहेत, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तेव्हा दिलेच तर नोंदणीकृत पुनर्चक्रणवाल्याला द्यावेत, किलोने घेणाऱ्या फेरीवाल्याला नव्हे. पण जी३१ ची चार यंत्रं ६४ बिटी आहेत, त्यांच्यावर डेबियन १३ चढली आहे, आणि मी निवृत्त झाल्यावरही नव्या मॅडम त्यांवर तास घेतात. फोन येतो अधूनमधून.

एक काम मात्र मी जाण्याआधी केलं, ते त्या संस्थेनेच नव्हे, सगळ्यांनीच करावं असं वाटतं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आपण लिहितो: संगणक, नग एक, किंमत इतकी, खरेदी दिनांक अमुक. तीन वर्षांनी ते वाचून कोणाला काय कळणार? मी प्रत्येक यंत्रापुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहून ठेवलं: चित्राची चिप ८०८६-२५७२, ड्रायव्हर आय९१५, पडदा १३६६ × ७६८, केबल पुऱ्या पिनांची. अकराव्यापुढे: फक्त चौकोनी पडदा लावणे. ऑडिटला आलेल्या साहेबांनी ८०८६ वर बोट ठेवून विचारलं, ही रक्कम कसली? मी म्हटलं, साहेब, रक्कम नाही, कुळनाव आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

पत्र लांबलं. संपादक महाशय, कापायचंच असेल तर वांग्यांचा वाफा कापा, केबलीचा मजकूर राहू द्या. त्या पदाधिकाऱ्यांच्या पत्रात होतं की माल अजून उचललेला नाही, पुढच्या सोमवारी टेम्पो येणार आहे. हे पत्र त्याआधी छापून आलं, तर त्यांनी शनिवारी अर्धा तास काढावा, मॉनिटरचं बटण दाबून आतला आकडा वाचावा आणि चौदा केबलींच्या खालच्या ओळी मोजाव्यात. भिंग लागेल. शाळेचं होतं ते मी निवृत्तीच्या दिवशी सही करून परत केलं, पण नातवाचं एक घरात आहे; ते घेऊन मी एसटीने येऊ शकते.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
जि. रत्नागिरी